मावशीकडे गेलेली मुलगी

दाढीला आलेल्या शेजारच्या आजोबांच्या अर्ध्या गालावरून वस्तरा फिरवून झाला होता, तेवढ्यात सलूनचं दार उघडलं आणि बाबांचा हात हवेतच थांबला. दारात बाबांची लेक उभी होती. केसांचा नुसता गुंता, अंगावर घरातलाच गाऊन, पण पायांत चपला होत्या. घर सलूनच्या वरच होतं, तरी कित्येक महिन्यांत ती जिना उतरली नव्हती.

बाबा बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हेत. पण पोरीनं अंथरूण धरलं तेव्हा खरं काही त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी थाप मारली, ती मावशीकडे शिकायला गेलीय. थाप इतकी रंगली की गिऱ्हाइकं मावशीचीही खुशाली विचारू लागली.

आता आजोबांनी आरशातून तिला पाहिलं.

"अगं, मावशीकडून कधी आलीस?"

आपण खोटे पडू, याचं बाबांना एवढं काही नव्हतं. पोर आल्या पावली परत फिरेल, ही धास्ती होती.

"कालच आली," ते घाईनं म्हणाले. "दमलीय प्रवासानं."

लेक बाकावर बसली.

"मी कुठेच गेले नव्हते, आजोबा. वरच होते. मन आजारी पडलं होतं माझं. अजून औषधं चालू आहेत." मग बाबांकडे वळून म्हणाली, "माझा नंबर आला की सांगा. या केसांचं काहीतरी करायचंय."

आजोबांच्या गालावरचा फेस वाळू लागला.

"आमचा नातू असाच दार लावून बसतो," ते हळूच म्हणाले. "आम्ही त्याला आळशी म्हणतो. काय सांगू गं त्याला?"

"सांगू नका काही. डॉक्टरांकडे न्या, आणि नुसते जवळ बसा. बाबा रोज बसायचे. तेही गप्प! विचार करा."

आजोबा हसले. तीही किंचित हसली.

जन्मभर तोंडाचा पट्टा चालवून बाबांना जे एक वाक्य जमलं नव्हतं, ते पोरीनं चारचौघांत, आवाज न चढवता बोलून दाखवलं होतं. असं काळीज हिनं आणलं कुठून, त्यांना कळेना.

बाकाच्या टोकाला एक नवखं गिऱ्हाईक होतं. त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "कोण हो ही?"

बाबांनी वस्तरा खाली ठेवला.

"माझी मुलगी," ते शेजारच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "इथे वरच राहते."