हशासाठी चार मिनिटे

मित्रांनो, रबरबँड आणि संपलेल्या सेलच्या शेजारी खणात पडलेले मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझा काटा हल्ली अडखळतो. तरी हकिकत नीट सांगेन, कारण वेळेच्या बाबतीत खोटे बोलायची मला सवय नाही.

माझा जन्म वेल्समधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी मँचेस्टरच्या एका टीव्ही स्टुडिओत आलो आणि काळ्या दोरीने एनिड हरग्रीव्हज यांच्या गळ्यात जाऊन बसलो. विनोदी कार्यक्रमांची वेळ मोजणे हे एनिडबाईंचे काम. कार्यक्रम अठ्ठावीस मिनिटांचा. समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या हसण्यालाही वेळ लागतो, म्हणून त्या तालमीतच हशासाठी तीन मिनिटे राखून ठेवत. त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे माझाही भाव वधारला होता.

थेल्मा ऑग्डन ही नटी तिथे आठ वर्षे काम करत होती. कधी नर्स, कधी घरमालकीण. दार उघडायचे, "चहा ठेवू का?" विचारायचे आणि जायचे. सहा सेकंद. मग तिने स्वतःच एक कार्यक्रम लिहिला, कापडगिरणीच्या कँटीनमधल्या तीन बायकांचा. चांगली वाक्ये तिने इतर दोघींना वाटून टाकली आणि स्वतःकडे शेवटचा प्रसंग ठेवला.

"बायकांच्या गप्पा आहेत या," निर्माते डेस्मंड पाइक म्हणाले. "हशाला अर्धं मिनिट पुष्कळ झालं, एनिड."

तालीम चर्चच्या हॉलमध्ये झाली. जमिनीवर चिकटपट्ट्या लावून भिंती आखल्या होत्या. खेळ संपला, तरी मी आपला धावतोच आहे.

"किती झालं?" डेस्मंडनी विचारले.

एनिडबाई डोळे पुसत होत्या. "सांगता येत नाही. बटण दाबायचं राहून गेलं."

"बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं!"

"बारा वर्षांत मी तालमीत हसलेही नव्हते, डेस्मंड. हशाला चार मिनिटं लिहितेय मी."

अर्ध्याऐवजी चार मिनिटे म्हणजे लिहिलेल्यातली साडेतीन मिनिटे कापायची. प्रेक्षक हसलेच नाहीत, तर तेवढे भगदाड पडणार, आणि थेल्माचा हा पहिला कार्यक्रम शेवटचाही ठरणार. डेस्मंडनी तसे तोंडावर सांगितले.

"एनिड, तुला नक्की वाटतं ना?" थेल्माने विचारले. "नाहीतर पुढची वीस वर्षं दारंच उघडत बसेन गं मी."

"नक्की नाही वाटत. पण मला हसू आवरलं नाही, एवढं खरं."

थेल्माने पेन्सिल घेतली. इतर दोघींच्या एकाही वाक्याला हात न लावता तिने स्वतःचा शेवटचा प्रसंग जवळजवळ सगळा खोडला. मला फार वाईट वाटले.

रविवारी चित्रीकरणाला ओल्डहॅमहून बस भरून गिरणीतल्या बायका आल्या. पहिली दीड मिनिटे कोणी हूं की चूं केले नाही. एनिडबाईंचा अंगठा माझ्यावर गारठला होता. मग खेळातल्या मुकादमाने चहा थंड असल्याची तक्रार केली. कँटीनवाली म्हणाली, "आला तेव्हा तरुण होता, साहेब. तुमची वाट बघून असा झाला."

मागच्या रांगेतली एक बाई खो खो हसली, आणि सगळा स्टुडिओ तिच्यामागे गेला.

हशा भरला चार मिनिटे वीस सेकंद. वीस सेकंद जास्त झाले, म्हणून चित्रीकरण संपल्यावर थेल्मा संहितेवर पेन्सिल मारून आपला उरलासुरला प्रसंगही कापायला निघाली. डेस्मंडनी पेन्सिल काढून घेतली.

"शेवटची नावं भराभर सरकवा," ते म्हणाले. "माझं दिसलं नाही तरी चालेल."

थेल्माचे कार्यक्रम पुढे सहा वर्षे चालले. मग आकडे दाखवणारी विजेची घड्याळे आली. निवृत्त होताना एनिडबाईंनी मला थेल्माकडे दिले, आणि थेल्माने खणात टाकले. तिचा राग नाही. ती तेव्हा घाईत होती.

मित्रांनो, घरात माझ्यासारखे कोणी असेल तर अधूनमधून किल्ली देत जा. पडून राहिले की स्प्रिंग आखडते. आणि कुणाचे काम मोजायला बसाल, तेव्हा आधी त्याला जागा किती दिली आहे ते बघा. त्या दिवशी थेल्माला अर्धेच मिनिट मिळाले असते, तर तिचा हशा तिथेच कापला गेला असता. आणि मीही अगदी प्रामाणिकपणे तेवढाच मोजला असता.