पाचवीचा कागद

जळगावच्या टेस्ट-ट्यूब बाळाच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "दोन गर्भ छान वाढलेत, आज पाचव्या दिवशी गोठवून ठेवले," आणि एरंडोलच्या यशोदाबाईंनी त्यातलं नेमकं एवढंच उचललं. पाचवा दिवस! म्हणजे पाचवी! त्यांनी पाटा धुऊन पुजला आणि सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद नि पेन ठेवलं. मुलगा बबलू हसून हसून लोळला.

"माय, आजून रोशनीना पोटमा बी नई, आनि तू पाचवी करी ऱ्हायनी?"

"पाचवा दिन म्हंजे पाचवा दिन!" नातवंडांच्या बाबतीत यशोदाबाई कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या.

गर्भ सुनेच्या, रोशनीच्या, पोटात जायच्या आधीच नशिराबादजवळ टँकरने बबलूची मोटारसायकल उडवली. बबलू जागीच गेला.

दोन वर्षं सासू-सुना एकमेकींना धरून राहिल्या. मग रोशनीच्या माहेरून, धुळ्याहून, स्थळ आलं. गर्भ तसेच ठेवून बोहल्यावर चढायला तिचं मन घेईना. "आई, तुम्ही फक्त 'राह' म्हणा," ती म्हणाली, "मी बाळ पोटात घेते, लग्न नाही करत."

'राह' हा शब्द यशोदाबाईंच्या अगदी ओठांवर होता. लबाडी कशाला, महिनाभर त्यांनी तोच घोळवला. पण त्या माणसाशी फोनवर बोलताना पोर दोन वर्षांत पहिल्यांदा हसली होती, आणि ते यशोदाबाईंनी ऐकलं होतं.

शेवटी त्याच सुनेला घेऊन जळगावला गेल्या. लॅबमध्ये कपाटाएवढं यंत्र होतं. आतला लोखंडी हातच गर्भाच्या नळ्या ठेवतो नि काढतो, असं तिथल्या मृणालीने सांगितलं. पडद्यावर दोन हिरवे ठिपके होते.

"दोन्ही जित्ता शेतस ना?"

"हो आजी, आहेत."

यशोदाबाईंनी यंत्रावर हात ठेवला. आत एवढी थंडी, पण बाहेरून जराही गार लागत नव्हतं.

गर्भ नष्ट करायच्या संमतीपत्रावर रोशनीच्या हातातलं पेन हलेना. "आई, मला नाही जमत."

यशोदाबाईंनी पिशवीतून घडी काढून उलगडली. "हाई देख, पाचवीना कागद. सटवाईनी काहीच लिखं नई. त्यास्ना नशीबमा जलमच नव्हता, बेटा. तू सही करी टाक."

रोशनी कागदाकडे बघत राहिली, ढसाढसा रडली आणि तिने सही केली. यंत्रात घरघर झाली. एक ठिपका विझला, मग दुसरा.

धुळ्याच्या गाडीतून यशोदाबाई एरंडोलला एकट्याच उतरल्या. रोशनी खिडकीतून बघत पुढे गेली.

घरी देव्हाऱ्याखालच्या डब्यात बबलूच्या पाचवीचा कागद होता. तोही कोराच होता. सटवाईचं लिहिलेलं माणसाला कधीच दिसत नाही, सगळ्यांचेच कागद कोरे असतात. रोशनीला हे ठाऊक नसेल असं थोडंच आहे. यशोदाबाईंनी नातवंडांचा कागद बापाच्या कागदावर ठेवला आणि डबा लावून टाकला.