म्हातारा गेला

मास्तर वारले त्या रविवारी सकाळी त्यांनी दोनदा चहा घेतला, घोटून दाढी केली आणि मोरीतल्या नळाचं वायसर बदललं. आपण गेलो हे त्यांना साडेनऊला कळलं, तेही सुनेकडून.

"बाबा, जरा बसून घ्या," ती हातात पेपर घेऊन म्हणाली.

"बसलोच आहे की."

"मग उठू नका."

वर्षाचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी पेपरवाले वर्षभराच्या खेळांची मोठी जत्रा भरवतात. दोन अख्खी पानं. कोण जगज्जेता झालं, कुठल्या फुटबॉल संघाने हातात आलेला विश्वचषक पेनल्टीवर घालवला, कुठल्या टेनिसवालीने भर मैदानात रडून निवृत्ती घेतली, कुठल्या पोहणाऱ्याने आठवड्यात सहा पदकं गळ्यात घालून घेतली, सगळं रंगीत. आणि उजव्या कोपऱ्यात, जाहिरातीच्या वर, काळ्या किनारीची चौकट: ‘यांना आपण मुकलो’. चौकटीत पाच फोटो. चौथे मास्तर.

फोटो एकतीस वर्षांपूर्वीचा. डोक्यावर दाट केस, झुपकेदार मिश्या, छातीवर नंबर. आता केसही नव्हते आणि मिश्याही. खाली चार ओळी होत्या. दहा हजार मीटर धावण्याचा राष्ट्रीय विक्रम एकतीस वर्षं आपल्या नावावर ठेवणाऱ्या या जिद्दी धावपटूने जुलैमध्ये शेवटचा श्वास घेतला.

मास्तरांनी त्या ओळी तीनदा वाचल्या. राग आला, पण खरं सांगायचं तर राग नंतर आला. पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. फोटो चांगला छापला होता.

जुलैत खरंच काहीतरी गेलं होतं. जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत एका बावीस वर्षांच्या पोराने मास्तरांचा विक्रम अकरा सेकंदांनी मोडला. मास्तर टीव्हीसमोर होते. पोरगा पहिला येऊन विक्रम मोडता तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, निदान तसं ते सुनेला म्हणाले. पण पोरगा आला नववा. नववा येऊन आपल्या आयुष्यभराच्या कमाईला लाथ मारतो म्हणजे काय? ते दोन दिवस धड जेवले नाहीत. विक्रमांच्या तक्त्यात एकाच नावाला जागा असते. दुसऱ्या दिवशी तिथे पोराचं नाव आलं आणि मास्तरांचं नाव या जगात कुठेही छापलेलं उरलं नाही.

नावाचा त्यांना सोस होता, हे लपवण्यात अर्थ नाही. एकोणतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, पण वर्गात शिरताना आधी विक्रम शिरायचा आणि मागून मास्तर. आठ वर्षांपूर्वी क्रीडासंकुलाच्या ट्रॅकला आपलं नाव द्यावं म्हणून त्यांनी स्वतःच अर्ज केला होता, तोही एका मित्राच्या सहीने. समितीचं उत्तर आलं की हयात व्यक्तीचं नाव देणं नियमात बसत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे, आपणांस उदंड आयुष्य लाभो. ते पत्र मास्तरांनी फाडलं नव्हतं.

मेल्याच्या दिवशी दिवसभरात एकच फोन आला. शाळेतला जुना चित्रकलेचा शिक्षक. मास्तरांनीच उचलला.

"हॅलो, मी बोलतोय," मास्तर म्हणाले.

पलीकडून चित्रकलावाला म्हणाला, "हात्तिच्या!" आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पेपरच्या कार्यालयात धडकले. क्रीडा विभाग तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात कोंबलेला. चार टेबलं, एक बंद पडलेला पंखा, भिंतीवर वर्षभराच्या स्पर्धांचं वेळापत्रक. क्रीडा संपादक गोल अंगाचा गृहस्थ, समोर टोस्टची बशी. मास्तरांनी पेपर टेबलावर आपटला.

"हा कोण?"

संपादकाने फोटो बघितला. "हे वारले. जुलैत."

"मी हा."

संपादकाने एकदा मास्तरांच्या टकलाकडे बघितलं, एकदा फोटोकडे, आणि टोस्ट बशीत ठेवला. मग त्याने खेळाचं पान लावणाऱ्या बाईंना हाक मारली. बाई चष्मा सावरत आल्या. गोंधळ काय झाला ते कळायला पाच मिनिटं लागली आणि मान्य करायला पंधरा.

या विभागात पंचवीस वर्षांवरच्या कुठल्याही विक्रमाला ‘म्हातारा’ म्हणतात. जुनी सवय. लांब उडीचा म्हातारा, भालाफेकीचा म्हातारा. तो मोडला की ‘म्हातारा गेला’. जुलैत त्यांच्या बातमीदाराने स्टेडियममधून फोनवर ओरडून हेच सांगितलं आणि संपादकाने वर्षअखेरीसाठी ठेवलेल्या वहीत लिहून घेतलं: दहा हजार, म्हातारा गेला. बाई ऑक्टोबरात सिनेमाच्या पानावरून इकडे बदलून आल्या. त्यांना हा म्हातारा ठाऊक नव्हता. सिनेमाच्या पानावर म्हातारा गेला म्हणजे म्हातारा गेला.

"पण बाई, शेवटचा श्वास? तो कुठून आणलात?" मास्तरांनी विचारलं.

"ते लिहिताना येतंच," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, पण हसूही येत होतं, आणि दोन्ही एका चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"खुलासा छापू," संपादक म्हणाला. "बुधवारी. दुसऱ्या पानावर, तळाला, दोन ओळी."

"मेलो तेव्हा फोटो होता. जिवंत आहे तर दोन ओळी?"

"मास्तर, राग मानू नका. तुम्ही गेलात ही बातमी होती. तुम्ही आहात यात बातमी काय?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाईंनी चहा मागवला तो ते मुकाट्याने प्यायले. जिना उतरताना मात्र त्यांनी ठरवलं की बुधवारचे दहा अंक विकत घ्यायचे.

संध्याकाळी मुलगा घरी आला. तो क्रीडासंकुलाच्या कार्यालयात कारकून. तिथे त्याला मास्तरांचा मुलगा म्हणून कुणी मोजत नसे, झेरॉक्सवाला म्हणून ओळखत. आज तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"बाबा, आज समितीची बैठक झाली. नव्या ट्रॅकला तुमचं नाव द्यायचं ठरलंय."

मास्तरांच्या हातातला पेला तसाच राहिला. "माझं?"

"कै. लावून. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जुलैपासून एवढं दुःख गिळून कामावर येत राहिलास. आजवर त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. मला तोंडच उघडता येईना."

"मग आता उघड ना," सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "सांग जाऊन, बाबा धडधाकट आहेत, कालच नळ दुरुस्त केलाय."

"आणि नियमाचं काय? हयात माणसाचं नाव लागत नाही. सांगितलं की संपलं सगळं." मुलगा मास्तरांकडे वळला. "बुधवारचा तो खुलासा तेवढा नको. तुमचं नाव लागेल बाबा. पाच फुटी अक्षरं. भिंत मी मोजून आलोय."

विचार करायला मास्तरांना किती वेळ लागला? लाज वाटावी इतका कमी. सून बघत होती म्हणून त्यांनी रात्र मध्ये जाऊ दिली एवढंच. मंगळवारी सकाळी त्यांनी पेपरच्या कार्यालयात फोन लावला.

"खुलासा छापू नका."

"का हो?" संपादकाचा आवाज लगेच मऊ झाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"म्हातारा गेला तो गेला," मास्तर म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

समारंभ जानेवारीच्या पहिल्या रविवारी होता. मास्तरांना घरीच थांबावं लागलं, ते उघडच आहे. मुलगा नवा कोट घालून गेला. सुनेने जायला साफ नकार दिला. "मला हे पटत नाही," ती म्हणाली. "तुला नावाचं महत्त्व कळत नाही," मास्तर म्हणाले. त्यावर तिने कुकरचं झाकण जरा जोरात लावलं.

मोबाईलवर समारंभ दिसत होता. पडदा सरला आणि अक्षरं दिसली. निळ्यावर पांढरी, उन्हात चकाकणारी. मास्तरांना रडू आलं. इतकं सुख त्यांना विक्रमाच्या दिवशीही झालं नव्हतं. मग कुणीतरी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं, सगळे उभे राहिले, आणि कवायतीच्या सवयीने मास्तरही उभे राहिले. सुनेने ते पाहिलं आणि मान फिरवली.

दुपारी दार वाजलं. मुलगा होता, आणि त्याच्या मागे हातात फुलांचा गुच्छ घेतलेला उंच, सडसडीत तरुण. जुलैतला तोच. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. समारंभाला खास पाहुणा म्हणून आलेल्या या पोराने घरी येऊन कुटुंबाला भेटायचा हट्टच धरला होता.

"हे... हे आमचे काका," मुलगा मास्तरांकडे बोट करून म्हणाला. "बाबांचे धाकटे भाऊ."

तरुण वाकून पाया पडला. "चेहरा किती सारखा आहे हो," तो म्हणाला. त्याने गुच्छ टेबलावरच्या मास्तरांच्या जुन्या फोटोपुढे ठेवला आणि बसला. बोलायला साधा, नजर स्वच्छ. मास्तरांना त्याचा राग आणायचा होता, पण येईना.

"मला त्यांना एकदा भेटायचं होतं," तरुण म्हणाला. "दरवर्षी म्हणायचो, पुढच्या सुट्टीत जाऊ. राहून गेलं. काका, लहानपणापासून मी त्यांच्या शर्यतीची फिल्म बघतोय. शेवटची फेरी तर पाठ आहे. चोवीस फेऱ्या होतात, घंटा वाजते, आणि तेव्हाच ते वेग सोडतात. हात खाली, मान सैल, पाच-सहा पावलं. मागच्यांना वाटतं, हा संपला. आणि मग असे सुटतात! आमचे प्रशिक्षक त्याला घंटेचा श्वास म्हणतात. मी सात वर्षं तोच घोटलाय."

मास्तरांनी टेबलावरचा गुच्छ उगाच सरळ केला.

"जागतिक स्पर्धेत घंटेला मी चौथा होतो," तरुण म्हणाला. "तिसऱ्याच्या पाठीला लागून. तिथे तो श्वास घेतला आणि पाच जण पुढे गेले. अजून नीट जमत नाही मला. त्यांनी नेमकं काय केलं, हे विचारायचं होतं. तेच राहिलं."

नेमकं काय केलं ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. मास्तरांची त्या दिवशी फेऱ्यांची मोजणी चुकली होती. चोवीस झाल्या तेव्हा त्यांच्या हिशेबाने पंचवीस झाल्या होत्या. शर्यत संपली म्हणून त्यांनी हात खाली सोडले आणि घंटा कानात घुसली. मग ते जे धावले ते निव्वळ घाबरून. दुसऱ्या दिवशी पेपरांनी त्याला डावपेच म्हटलं आणि मास्तरांनी ते एकतीस वर्षं खुशाल म्हणू दिलं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तरुणाचं पदक त्या थापेने खाल्लं होतं. हे मास्तरांना स्पष्ट दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नावापेक्षा दुसरं काही मोठं वाटलं.

"डावपेच वगैरे काही नव्हता," ते म्हणाले. "मोजणी चुकली त्याची. शर्यत संपली असं वाटलं त्याला. घोडचूक होती ती. पोरा, तू ते सोडून दे. घंटेला थांबू नकोस. थांबला नसतास तर पदक तुझं होतं."

तरुणाचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला.

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"काका!" मुलगा ताडकन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. आजच्या दिवशी तरी." मग तो तरुणाकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "मनावर घेऊ नका. दोघा भावांचं कधी पटलंच नाही. बाबांच्या नावाचा त्यांना पहिल्यापासून त्रास."

सून दारात उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, नवऱ्याच्या नव्या कोटाकडे बघितलं, आणि पाण्याचे पेले उचलून आत गेली.

तरुण उठला. त्याने फोटोला पुन्हा एकदा हात जोडले. "पुढच्या वर्षी पुन्हा मोठी स्पर्धा आहे," तो फोटोला म्हणाला, "मी तिथेही घंटेचा श्वास घेणार. तुमच्यासाठी." दारापर्यंत गेल्यावर तो थांबला. संस्कारी पोरगा होता. वडीलधाऱ्याला दुखवून जाणं त्याला बरं वाटेना. तो मागे वळला आणि लहान मुलाशी बोलावं तशा समजुतीच्या स्वरात त्याने विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कधी पळाला होतात?"

मुलगा मास्तरांकडे टक लावून बघत होता.

"नाही," मास्तर म्हणाले.