लपवलेला रकाना

ऑफिसात काम कसं मागतात ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. आज सांगायचं आणि कालच का झालं नाही म्हणून ओरडायचं! मानसोपचार केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी फोनवर असाच घोशा लावला होता.

"अरे, अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये एक एक्सपोर्टचं बटण टाक. दाबलं की सगळे पेशंट एक्सेलमध्ये आले पाहिजेत. एवढंही जमेना?"

प्रोग्रामरला जमत होतं. केंद्राच्या वेबसाइटचं पीएचपीतलं सगळं काम त्याचंच; तिथे समुपदेशक असलेल्या त्याच्या ताईच्या ओळखीने मिळालेलं. जेवणाआधीच त्याने बटण बसवलंसुद्धा. कोणते रकाने गाळायचे, बटण कोणाला दिसू द्यायचं, याचा विचार करायला वेळ लागतो. त्याने पेशंटच्या माहितीचं अख्खं टेबल उचललं आणि फाइलमध्ये ओतलं. डॉक्टर खूश!

पुढे शिबिराची निमंत्रणं निघाली. रिसेप्शनवरच्या बाईंनी बटण दाबलं आणि आलेली फाइल न उघडताच पाकिटांवरच्या पत्त्यांसाठी छापखान्यात पाठवली. तिथून ती कुणाच्या तरी फोनवर गेली आणि फिरत फिरत एका शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पडली. त्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर त्या फाइलीत होता. नाव, पत्ता, फोन आणि शेवटी आजार.

संध्याकाळी ताई आली ती खांद्यावरची पर्सही न उतरवता बोलायला लागली.

"माझ्या पेशंटला आज कामावरून काढलं. इतकी वर्षं बस चालवतोय, साधा ओरखडा नाही. औषध वेळेवर घेतो म्हणून तर ठणठणीत आहे! पालक म्हणे, वेड्याच्या हाती मुलं देणार नाही."

"वाईट झालं गं. पण मी काय केलं? फाइल बाईंनी पाठवली. आणि आजाराचा रकाना मी लपवलाय, रिसेप्शनला तो दिसतच नाही. लाव पैज."

"दाखव."

त्याने तोऱ्यात लॅपटॉप उघडला. पडद्यावर रकाना खरंच नव्हता.

"आता ते बटण दाब."

फाइल उघडली. शेवटच्या रकान्यात सगळ्यांचे आजार ओळीने उभे होते. त्याने लपवलं होतं ते फक्त पडद्यावर!

"डॉक्टरांना घाई होती, ताई..."

"उद्या घाईत भूल न देता कापायला सांगितलं तर कापशील? माणूस माझ्यापुढे बसून जे बोलतो ना, ते त्याने बायकोलाही सांगितलेलं नसतं. तू म्हणालास सुरक्षित आहे, म्हणून मी ते तिथे टाइप केलं. तुझ्या भरवशावर मी त्याला शब्द दिला रे!"

"आजार काढून टाकतो. नुसती नावं-पत्ते ठेवतो."

"आमच्या केंद्राच्या फाइलीत नाव असणं, हाच शिक्का! अजून कळलं नाही तुला?"

कळलं. फार उशिरा कळलं. त्याने तिथल्या तिथे बटण बंद केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. "पाकिटं केंद्रातच छापा. फाइल बाहेर जाईल असं बटण मी देणार नाही."

"मग दुसरा माणूस बघतो," डॉक्टर म्हणाले.

"बघा. त्यालाही मी हेच सांगणार."

दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हरच्या दारात उभा राहिला. चूक कबूल केली. "तुमच्याबरोबर शाळेत येतो. साहेबांना सांगतो."

"काय सांगणार? फाइल खोटी आहे म्हणून?" ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "खरीच आहे की. बटण बंद केलंत, चांगलं केलंत. पण इतक्या लोकांच्या फोनमधून मला कसं काढणार, दादा?"

ड्रायव्हरने दार लावून घेतलं. नोकरी त्याला परत मिळाली नाही.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याची माहिती म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य. ती मागण्याआधी, काढून देण्याआधी, पाठवण्याआधी थांबा. घाईचं कारण प्रोग्रामरने सांगितलं, ते लंगडंच होतं. पण ग्रुपवर ती फाइल चवीने वाचून पुढे ढकलणाऱ्यांनो, तुम्हाला कोणाची घाई होती?