बँक वाढवली हो!

मारोतराव पाटलाइतका भला माणूस आमच्या फुलसावंगीत दुसरा नाही, अन् त्याच्याइतकं माह्यं डोकं बी दुसऱ्या कोणी फिरवलं नाही. तो आमच्या बँकेचा चेरमन, मी मॅनेजर. बँक म्हणजे काय, दोन खोल्या, एक तिजोरी अन् दारावर पाटी: पूसखोरे सहकारी बँक. कारकून बी मीच, झाडू मारणारा बी मीच. पण बँक होती बाप्पा, अन् चांगली चालून राह्यलती. त्रेसष्ट साली ती कशी मेली ते सांगतो, अन् सांगताना आवाज चढला तं माफ करा.

बँकेले पैसा कुठून येते? आभाळातून पडते काय? लोकायनं ठेवला तं येते. आम्ही ठेवीले शेकडा चार रुपये याज द्यायचो. याज म्हणजे तुमचं ते पुस्तकातलं व्याज. तोच पैसा शेतीले नऊनं कर्जाऊ द्यायचो. मधले पाच रुपये राह्यचे त्यात भाडं, माहा पगार, दिव्याचं रॉकेल, अन् एखादं बुडीत निघालं तं तेही. पाच रुपयांची बँक, त्यात चूक करायले जागाच नव्हती.

ठेवी आणायले म्या आजूबाजूच्या बंजाऱ्यायच्या तांड्यांवर चार वर्षं चपला झिजवल्या. तांड्यावरचे लोक बँकेचं नाव काढलं की मान फिरवायचे. काहून नाही फिरवणार? ढाणकीच्या एका अडत्यानं शेकड्याले महिन्याचा रुपया देतो म्हणून त्यायचा पैसा गोळा केलता, अन् एके सकाळी लोक जाऊन पाहतात तं दुकानाले कुलूप. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, "शेटनं दुकान वाढवलं." आपल्याकडं दुकान बंद केलं असं तोंडानं कोणी म्हणत नाही, अपशकुन होते. बांगडी फुटली तं वाढवली म्हणतात, नारळ फोडला तं वाढवला म्हणतात, तसंच ते. तांड्यावरच्या लोकायचा पैसा बी त्या दुकानासंगं वाढला.

सुखीबाईनं तं मले दारातूनच परत लावलं, एकदा नाही, दोनदा नाही. शेवटी एक दिवस ओट्यावर बसवलं, पाणी दिलं अन् म्हणाली, "भिया, मांगल्यावर देशीन काय?" त्यायच्या गोरबोलीत भिया म्हणजे भाऊ.

"बाई, ज्या दिवशी मांगशीन त्या दिवशी. तुह्या पुढं कोणी राह्यणार नाही. माही जबान."

तिनं म्हशीचे पैसे लुगड्याच्या पदरात बांधून आणले अन् खिडकीतून आत सरकवले. मंग तिच्या मागं सगळा तांडा आला. अन् हा पैसा म्हणजे बावनकशी. रुपया-आठाण्यासाठी तो इकडून तिकडं पळत नाही, कोणाच्या दारात हात पसरायले लावत नाही. चार रुपयांत खुशाल झोपून राह्यते. बँकेले अजून काय पायजे?

पण मारोतरावले पायजे होता घनश्यामशेट. शेटची कापसाची जिनिंग होती. आमच्या ऐंशी हजारांच्या ठेवीत तीस हजार एकट्या शेटचे. चेरमन साहेब चारचौघांत सांगायचे, "शेट बी आपल्याच बँकेत ठेवते," अन् मिशीवरून हात फिरवायचे. त्या आश्विनात शेटनं निरोप धाडला, सहा रुपये द्या, नाही तं पैसे काढतो.

मारोतरावचं तोंड उतरलं. म्या त्याले मेंबरायच्या मिटिंगीत समोर बसवून सांगितलं, "पाटील, जाऊ द्या त्याले."

"येडा झाला काय तू? तीस हजार!"

"ऐका. शेटले सहा दिले तं तुम्ही सगळ्यायलेच सहा देसान. बाकीचे पन्नास हजार आज चारनं गप पडले हायत. त्यायले दोन रुपये जास्तीचे, म्हणजे वर्षाले हजार रुपये फुकटचे गेले. शेटचे सोताचे अठराशे. अठ्ठावीसशे मोजा तवा हे तीस हजार राह्यतीन. शेकडा नऊच्या वर पडले ते आपल्याले, अन् आपण कर्ज देतो नऊनं. म्हणजे शेटचा पैसा सांभाळायचा, अन् वरून आपणच त्याले पोसायचं?"

"तू लय हिशेब करतं, श्रावण."

"मंग कायले ठेवलं मले, आरत्या म्हणायले? बरं, असं करा. जो वर्षभर पैशाले हात लावणार नाही त्याले सहा द्या. मोकळ्या पैशाले चारच."

"शेट मुदत मानत नाही. दिवाळीले कापूस निघाला की त्याले पैसा हाताशी लागते."

"म्हणजे याज बांधलेल्या पैशाचं, अन् पैसा मोकळा! वा रे वा!"

तवा मारोतरावनं छाती पुढं काढली. "सहकार म्हणजे सगळे सारखे. शेटले सहा तं सुखीबाईले बी सहा. गरिबाच्या घरात दोन रुपये जास्त गेले तं तुह्या पोटात काहून दुखते?"

आता ह्याले काय सांगता तुम्ही? सांगा ना. ज्या तोंडानं मी गरिबाचा पैसा राखायची गोष्ट करून राह्यलो, त्याच तोंडाले त्यानं गरिबाच्या नावानं काळं फासलं. बाकीच्या मेंबरायनं टाळ्या वाजवल्या. ठराव झाला. वरून मारोतराव म्हणे, बाजाराच्या दिवशी दवंडी द्या, साऱ्या मुलखाले कळू द्या.

गावचा कोतवाल फकिरा. म्या त्याले शब्द पाठ करून दिले, "पूसखोरे सहकारी बँकेनं ठेवीवरचं याज चाराचं सहा रुपये वाढवलं हो!" पयल्या चौकात त्यानं पुरं म्हटलं. दुसऱ्या चौकात पूसखोरे गेलं. जनावरांच्या बाजारात पोचेपर्यंत घसा बसला, अन् लेकानं त्याचं चिमटीभर करून टाकलं. डफ वाजवायचा अन् ओरडायचा, "बँक वाढवली हो! सहकारी बँक वाढवली हो!"

मी बँकेत बसून नुसता डफ ऐकून राह्यलतो. म्हटलं, चला, एक काम झालं.

घटकाभरात खिडकीपुढं सुखीबाई. बाजाराची पाटी डोक्यावर तशीच. तिच्या मागं तांड्यावरची माणसं, त्यायच्या मागं अजून माणसं, रांग पार लिंबाच्या झाडापावतर.

"भिया, माहे पैसे दे."

"काहून बाई? काय झालं?"

"बँक वाढवली ना."

मले आधी समजलंच नाही. समजलं तवा असं हसू आलं की काय सांगू. म्या बाहेर ओट्यावर आलो, फकिराले बोलावून सगळ्यायच्या देखत त्याच्याकडून पुरं वाक्य वदवून घेतलं. "अरे, बँक नाही वाढवली बुवा, याज वाढवलं, याज!" लोक बी हसले. एक म्हातारा तं फकिराच्या डफावर टपली मारून म्हणाला, "हत् तुह्या मायले, जीव गेलता ना आमचा." दोन-चार जण रांगेतून निघाले बी. माहा जीव भांड्यात पडला.

सुखीबाई मात्र जागची हलली नाही. "मंग कितीचं किती केलं?"

"चाराचं सहा. तुले वरून दोन रुपये भेटतीन."

"काहून?"

शेट अडून बसला म्हणून, असं कसं सांगू?

"आमी मांगलं होतं काय?"

"नाही."

"चारात आमी भांडून राह्यलतो काय?"

"नाही बाई."

"मंग न मांगता कोण देते भिया? तो ढाणकीवाला बी न मांगता वाढवून द्यायचा. आधी याज वाढवलं, मंग दुकान वाढवलं."

हसणं जिथल्या तिथं थांबलं. निघालेले लोक परत रांगेत येऊन उभे राहिले. पयले तरी गैरसमज होता, गैरसमज काढता येते. आता त्यायले सगळं बरोबर समजलं होतं, ह्याले कोणतं औषध?

सुखीबाई खिडकीशी वाकली. हळूच म्हणाली, "भिया, सहाचं चार करून दे. आत्ता. मंग राहू दे माहे पैसे."

ऐका, लोकहो! ठेव ठेवणारं माणूस म्हणते, याज कमी कर! माह्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं की कशानं ते मले बी नाही ठाऊक. म्या फकिराले पळवलं मारोतरावकडं. मारोतराव आला तो शेटले संगं घेऊनच आला.

"पाटील, चार करा," म्या म्हटलं. "इथं, आत्ता, ह्या लोकायपुढं म्हणा, चार. रांग मोडते."

मारोतरावनं शेटकडं पाह्यलं. एवढा मोठा पाटील, पण पाह्यलं कसं, तं शाळेत पोट्टं मास्तरकडं पाह्यते तसं. शेट रांगेकडं पाहून राह्यलता. म्हणाला, "चार-सहाचं मंग पाहू. माहे पैसे आजच काढा. तिजोरीत जे असन ते द्या, बाकीचे आठ दिवसांत."

मी म्हटलं, आता तरी ह्या पाटलाचे डोळे उघडतीन. ज्याच्यासाठी सहा केले तोच पयला पळून राह्यला! पण मारोतराव मले म्हणते काय, "श्रावण, आधी शेटचे दे. मोठं माणूस हाय, बाहेर बोभाटा व्हायले नको. हे लोक काय, उद्या बी येतीन."

तिजोरीत चौदा हजार होते. बाकी सगळा पैसा लोकायच्या वावरात उभा होता, कापूस होऊन. जिल्ह्याच्या बँकेतून रक्कम यायले दोन-तीन दिवस लागले असते. शेटले दिले असते तं रांगेले एक नवा पैसा उरत नव्हता. सुखीबाई सगळं ऐकून राह्यलती. तिनं नुसतं माह्याकडं पाह्यलं.

म्या म्हटलं, "शेटजी, रांग तिकडून हाय."

"काय म्हणालास?" मारोतराव ओरडला.

"लिंबाच्या झाडापाशी शेवट हाय. तिथं उभे राहा, नंबर आला की देतो."

"उद्यापासून तू घरी!"

"पाटील, उद्यापासून सगळेच घरी. खुर्ची सरकवा, लोकायले जागा द्या."

शेट काही उभा राहिला नाही, तणतणत निघून गेला. मी पैसे देत बसलो. तांड्यावरचं शेवटचं माणूस खिडकीतून गेलं तवा तिजोरीत हात घातला तं तळ लागला. एवढा वेळ सुखीबाई आपले पैसे कमरेले खोचून ओट्यावर बसून राह्यलती. सगळ्यायचे झाले तवा उठली.

"जबान पाळली तू, भिया."

मी चिडून म्हटलं, "मंग ठेव ना परत! जबान पाळली म्हणतं ना?"

"तुह्यावर भरोसा हाय. सहावर नाही." असं म्हणून तिनं पाटी उचलली अन् चालायले लागली.

पुढचं काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी गावातले लोक आले. जिल्ह्याहून रक्कम आणली, तीही गेली. कापूस विकला तशी कर्जं वसूल केली, त्यातून बाकीच्यायचे फेडले, सगळ्यात शेवटी शेटचे. कोणाचा रुपया बुडाला नाही. पण नवी ठेव घेऊन बी कोणी आलं नाही, अन् ठेव नाही तं बँक कायची? म्या पाटलाले दहादा सांगितलं की चार करा, अजून बी करा. तो म्हणे, ठराव झाला हाय, आता खाली कसं यायचं, लोक काय म्हणतीन. लोक जे म्हणायचं ते म्हणून घरी गेलते.

उन्हाळ्यात बँक बंद करायचा कागद आला. बंद व्हायच्या आदल्या दिवशी म्या दारावरची पाटी उतरवून भिंतीशी टेकवून ठेवली. गावाले कळवा लागते म्हणून फकिराले बोलावलं. बिचारा त्या दिवसापासून माह्या नजरेले नजर देत नव्हता. डफ काखेत धरून उभा राहिला अन् म्हणाला, "साहेब, ह्या खेपेले शब्द नीट पाठ करून द्या. काय ओरडू?"

म्या म्हटलं, "तेच ओरड, फकिरा. ह्या खेपेले बरोबर हाय."