त्याचा ब्राउझर, माझा ब्राउझर

शाहबाज माझा चुलत भाऊ आहे आणि तो मला डोळ्यांसमोर नको असतो. हे आधीच सांगून टाकते.

जामखेडला एसटी स्टँडमागं त्याच्या वडिलांचं, म्हणजे फक्रुद्दीन चाचांचं, ऑनलाइन सेंटर आहे. तिथं एकच कॉम्प्युटर. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट मिळतं. अंगठ्याचं मशीन त्यावर काही केल्या चालत नव्हतं. मी डोकं फोडून घेतलं, एका ब्राउझरची खास सेटिंग केली, त्या सेटिंगसकट तो उघडेल अशी छोटी फाइल लिहिली आणि तोच डिफॉल्ट ठेवला. म्हणजे कुठल्याही लिंकवर क्लिक केलं की तोच उघडणार. तेव्हापासून सेंटरला गर्दी. नाव मात्र शाहबाजचं झालं, कारण गल्ल्यावर तो बसतो.

तरी माझा ब्राउझर त्याला खुपायचा. खुर्ची रिकामी दिसली की हा स्वतःचा उघडायचा. तो ब्राउझर विचारायचा, मला डिफॉल्ट करू का? हा 'हो' दाबून मोकळा. मी येऊन पुन्हा बदलायची.

"दुकान माझ्या बापाचं हाय," तो म्हणायचा.

"आन् अक्कल कुनाची?" मी म्हणायची. चाचा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग पुण्याच्या एका कंपनीनं मला ऑनलाइन परीक्षेला बोलावलं. काम लिनक्सचंच, राहायची सोय त्यांची. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून परीक्षा सेंटरवरच द्यायची होती. मेलमधली लिंक एकदाच उघडणार आणि कॅमेरा चालू हवा. ही नोकरी मिळाली की शाहबाजचं तोंड बघावं लागणार नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी डिफॉल्ट तपासला, माझाच होता. पाणी प्यायला मागं गेले. परत आले तर मेलच्या प्रोग्राममध्ये लिंक आलेली. घाईनं क्लिक केलं आणि त्याचा ब्राउझर उघडला. कुणी चोरून बघेल या भीतीनं त्यानं त्यात कॅमेरा कायमचा बंद करून ठेवलेला. पडद्यावर आलं, कॅमेरा नाही, परीक्षा रद्द. लिंक पुन्हा उघडेना. फोन केला तर तिकडची बाई म्हणाली, "सॉरी मॅडम, संधी एकदाच असते."

शाहबाज दारात उभा राहून हसत होता.

"तू बदललंस?"

"व्हय. तू गेल्यावर मशीन कोन चालवनार हुतं?"

मी चाचांकडं पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "जाऊ दे तमन्ना. आमी काय परके हाय का?" म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

बाकड्यावर लंकाबाई बसली होती, केवायसीसाठी. तिच्या टोळीचा ट्रॅक्टर ऊसतोडीला निघायचा होता आणि मुकादम बाहेरून हाका मारत होता. तिचा काय दोष? मी माझा ब्राउझर उघडून तिचा अंगठा घेतला, पावती दिली. ती पळत गेली. मग मी ती फाइल पुसली, सगळी सेटिंग पुसली. डिफॉल्ट त्याचाच राहू दिला.

पुढच्या माणसानं अंगठा ठेवला. मशीन ढिम्म.

"काय केलंस?" शाहबाजनं विचारलं.

"तुझं दुकान, तुझा ब्राउझर. चालव आता."

चाचा उठून उभे राहिले. "बेटा, तेवढं नीट करून जा." आजवर त्यांनी मला कधी विनवलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

नोकरी गेली ती गेलीच. रस्त्यावर येताच रडू फुटलं. ते शाहबाजला दिसू नये म्हणून भराभर चालत राहिले.