सासूबाईंचा बोटीवरचा फोटो

माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. तो डॉक्टर नाही. डॉक्टर लोक माणसांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवतात आणि हा आमच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून दात तयार करतो. गल्लीत त्याला ‘दातवाला’ म्हणतात आणि मला, अर्थातच, ‘दातवालीण’. दिवसभर त्याच्यासमोर प्लास्टरचे बोडके जबडे मांडलेले असतात. एखादा जेवणाच्या टेबलावरही वाळत ठेवलेला सापडतो आणि मी ओरडले की म्हणतो, “अगं, नुसता जबडा तर आहे.” हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरात झालं नसतं.

त्याच्याकडे कॅमेरा मात्र झकास आहे. बनवलेल्या दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळतो का, हे बघायला अगदी जवळून फोटो काढावे लागतात, म्हणून घेतलेला. त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याने जन्मभर दातांशिवाय काही पाहिलं नव्हतं. यंदाच्या सुट्टीत आम्ही सासूबाईंना घेऊन समुद्रावर गेलो, तेव्हा त्याला पहिल्यांदा आभाळ दिसलं.

सासूबाई म्हणजे टापटिपीचं माणूस. दार वाजलं की आधी आरशासमोर, मग दाराशी. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, हे आम्ही दोघं आणि दातांच्या डॉक्टरीणबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. नणंदेलासुद्धा त्यांनी “दोन-चार बसवून घेतलेत” एवढंच सांगितलं होतं. ती कवळी म्हणजे माझ्या नवऱ्याचं पहिलं पूर्ण काम. वरची आणि खालची, दोन्ही. विषय निघाला की त्याची छाती फुगते. “अजून तीच वापरते आई. एकदाही तक्रार नाही.”

तर आम्ही बोटीने बेटावर चाललो होतो. सासूबाईंना मळमळायला लागलं. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. तेवढ्यात बोट कलली आणि एक लाट थेट माझ्या अंगावर आली. मी नवे कपडे घालून मिरवत होते, ती चिंब भिजलेल्या कोंबडीसारखी उभी. सासूबाईंनी मागे वळून मला पाहिलं आणि खो खो हसत सुटल्या. मान मागे टाकून, डोळे मिटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, स्वभावच गंभीर आहे.

नवऱ्याने त्याच क्षणी फोटो काढला. संध्याकाळी खोलीवर त्याने तो कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर त्यांना दाखवलाही. त्यांचा चष्मा बॅगेत होता. “छान आलाय,” त्या म्हणाल्या. त्यांना काहीही दाखवा, त्या छानच म्हणतात.

घरी परतल्यावर एका पर्यटन कंपनीची ऑनलाइन फोटो स्पर्धा त्याच्या नजरेस पडली. विषय होता ‘प्रवासात भेटलेले चेहरे’. त्याने तो फोटो पाठवायचा ठरवला आणि मी त्याला अडवलं नाही. अडवणं सोडाच, फोटोखालच्या ओळी मीच लिहून दिल्या. फोटो खरोखर देखणा होता. मागे हिरवं पाणी, उडणारे पांढरे केस आणि ते हसू. दात नसलेली तोंडं इतकी वर्षं घरात बघून माझेही डोळे मेले असावेत. पहिल्या फेरीत लोकांची मतं लागणार होती, तर मी निवडणुकीला उभी राहिल्यासारखी सगळ्या नातलगांना लिंक पाठवत सुटले. मत द्या, आणि पुढेही पाठवा.

नातलगांनी पुढेही पाठवलं. चार दिवसांनी नणंदेच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या विहिणीचा, फोन आला. या विहीणबाई सगळ्यांत वरचढ. त्यांच्यापुढे आपलं काही कमी दिसू नये, म्हणून आमच्या सासूबाई एरवी ताप असला तरी उठून नीटनेटक्या होतात. फोन मीच उचलला आणि तो स्पीकरवर टाकायची दुर्बुद्धीही मलाच झाली.

“किती गोड फोटो हो विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडच्या सगळ्यांनी मत दिलं. आणि मी म्हणते, बरं केलंत. या वयात दात नसले तर नसले, त्यात लपवायचं काय?”

सासूबाईंच्या हातात कपड्यांची घडी होती. ती त्यांनी नीट पूर्ण केली. “हो ना,” म्हणाल्या. “हसं तर होतंच, मग मोकळेपणाने झालेलं बरं.” फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि मला तो फोटो मोठा करून दाखवायला सांगितलं. बराच वेळ पाहिला.

“आंघोळीला बसले होते तेव्हा का नाही काढलात?” एवढंच बोलून त्या खोलीत गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते, पण त्यांनी तीही सोय ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बागेत फिरायला जाणं बंद झालं. शेजारीण आली तर “झोपल्यात म्हणून सांग” म्हणायच्या. आमच्याशी बोलतानाही तोंडापुढे हात. कवळी तोंडात असूनसुद्धा.

नवऱ्याला मात्र काही केल्या कळेना. “पण ती किती सुंदर दिसतेय त्यात,” तो म्हणाला. “मी रोज बघतो अशी तोंडं.”

“तू बघतोस. त्यांच्या विहिणीने का बघावं?”

“लिंक काय मी पाठवली?”

हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. त्याचं म्हणणं असं की, आईला फोटो दाखवला होता, ती छान म्हणाली होती. वर त्याच आठवड्यात कंपनीचा मेल आला. फोटो अंतिम फेरीत निवडला गेलाय, प्रदर्शनासाठी भिंतीएवढा छापायचाय, तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाठवा. पहिलं बक्षीस दोघांची परदेशची सहल. “तुला आणि आईला पाठवीन,” तो म्हणाला. “बक्षीस लागलं की आई सगळं विसरेल.” मी म्हटलं, तू त्यांचं तोंड भिंतीएवढं करून लोकांना दाखवणार आणि त्या विसरतील? तरी तो फाइल शोधायला बसला.

दुपारी मी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले. चहा हे निमित्त, जायचं होतं भांडायला. त्याने फोटो मोठ्या पडद्यावर उघडला होता आणि पाठवण्याआधी कुठे डाग-बिग नाही ना, हे तुकड्या-तुकड्याने तपासत होता. केस झाले, डोळे झाले, गालावरचे पाण्याचे थेंब झाले. मग तोंड आलं आणि त्याचा हात थांबला.

“हे बघ,” तो म्हणाला.

मला नुसती गुलाबी हिरडी दिसत होती. त्याने बोटाने दाखवलं. खालच्या हिरडीच्या कडेला एक लालभडक रेघ होती आणि तिच्या भोवती पांढुरकी, जाड झालेली कातडी.

“काय आहे?”

“कवळी टोचलीय. आजकालची नाही, फार जुनी जखम आहे. बरी होते, परत होते.” त्याने पुन्हा त्या रेघेवर बोट ठेवलं. “ही माझी कड आहे. खालच्या कवळीची. लांब राहिलीय.”

तो चहा तसाच टाकून उठला. मीही मागोमाग गेले. जायला नको होतं.

सासूबाईंचं दार लोटलेलं होतं. तो न विचारता आत शिरला आणि त्यांनी चटकन तोंड फिरवून उशीजवळची डबी उघडली. त्यांच्या दारावर टकटक केलं की त्या नेहमी “थांब जरा” म्हणायच्या. मला वाटायचं, केस सारखे करत असतील. आपल्या खोलीत त्या कवळी लावतच नव्हत्या. ती फक्त बाहेरच्या लोकांपुढे होती, आणि बाहेरच्यांत आम्हीही होतो.

“आई, खालची टोचते?”

“नाही रे.”

“फोटोत दिसतंय मला.”

“अजून काय काय दिसायचं राहिलंय त्या फोटोत?”

तो पलंगाच्या कडेला बसला. “कधीपासून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जावं असं त्यांना वाटत होतं, हे मला कळलं, तरी पाय हलला नाही.

“पहिल्यापासूनच,” त्या म्हणाल्या. “तुझं पहिलं काम होतं. काय नाचत घेऊन आला होतास. म्हटलं, बसेल हळूहळू.”

“सांगायचं ना, आई. कड घासली की झालं असतं. चहा गार व्हायच्या आत होतं ते.”

“बाकीच्यांना तू आठ दिवसांनी परत बोलावतोस,” त्या म्हणाल्या. “कुठे टोचतंय का बघायला. मी वाट बघितली. मला नाही बोलावलंस.”

नवऱ्याने मान खाली घातली. हा त्याचा नियमच आहे. पहिल्या आठवड्यात कवळी परत आणून दाखवल्याशिवाय तो काम पूर्ण झालं असं मानत नाही. डॉक्टरांशी त्यावरून वाद घालतो. घरातल्या माणसाला मात्र त्याला बोलवावंसं वाटलं नव्हतं, कारण ते घरातच होतं.

“म्हणून हसत नाहीस?” त्याने विचारलं.

“हसलं की खालची उचलते, आणि उचलली की टोचते. त्या दिवशी तोंडात नव्हती.”

त्याने स्पर्धेतून फोटो काढून घेतला. कंपनीच्या मुलीने हळहळ व्यक्त केली, तो पहिला येण्याची फार शक्यता होती म्हणाली. पानावरून फोटो गेला, नातलगांच्या फोनमधून कसा जाणार? विहीणबाईंनी तर तो कौतुकाने जपून ठेवलाय आणि आल्या-गेल्याला दाखवतात.

आठ दिवस जखम सुकू दिली आणि मग त्याने कड घासली. घासली, गुळगुळीत केली, बोट फिरवून पाहिली, पुन्हा घासली. एवढा वेळ त्याने कुणाच्या कामाला लावलेला मी पाहिला नव्हता. मग धुऊन, पुसून ती तो सासूबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी पाठ फिरवून ती लावली.

“टोचतेय का?”

“नाही रे. छान बसलीय.”

हेच उत्तर, याच आवाजात, त्या इतकी वर्षं देत आल्या होत्या. नवरा माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे.

“जरा हसून बघ ना, आई,” तो म्हणाला. “उचलते का ते कळेल.”

सासूबाईंनी आधी तोंडावर हात धरला आणि मग त्या हसल्या. हाताआड कवळी उचलली की नाही, ते त्याला दिसलं नाही.